माहेरचे डोळे

मालवणच्या मासळीबाजारात त्या सकाळी सत्यवानाने बांगड्यांची पाटी आणून शेवंतीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "आये, ही घे. सुरमय बाबा मागसून धाडतत."

शेवंतीने आधी पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "माका कधीपासून आवस केलंस रे?" ती म्हणाली, आणि ओळीतल्या साऱ्या बायका हसल्या.

सत्यवानाची आई सुभद्रा तिच्या शेजारीच बसली होती. मुलगा हसण्याच्या रोखानं वळला, मान थोडी तिरपी केली, जणू कुणाच्या खांद्यावरून पलीकडचं बघतोय, आणि ओशाळून म्हणाला, "गर्दीत चुकलंय." पण गर्दी कुठली? बाजार आत्ता कुठे भरत होता. किनाऱ्यावर बर्फ फोडणाऱ्याशिवाय कुणी उभंही नव्हतं.

सुभद्रेला हसू आलं नाही. तिने पाटी ओढून घेतली आणि बांगड्यांवर पाणी मारत राहिली. विशीतला धडधाकट मुलगा, आणि समोर बसलेली आई त्याला ओळखू येत नाही.

ही एकोणसाठ सालची गोष्ट. सुभद्रेचा नवरा रामचंद्र किनाऱ्यावरचा नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या. मालवणच्या बंदरात शिरायची वाट खडकांच्या मधून आहे. किनाऱ्यावरचा एक ठरावीक माड आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचा आणि त्या रेषेवरून होडी आत घ्यायची. सत्यवान ते मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आलेला. आणि त्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत, समुद्र तव्यासारखा सपाट असताना, सुकाणूवर तो बसलेला असताना, होडी खडपावर घासली. फळी तडकली. माणसं वाचली, जाळं वाचलं, पण रामचंद्राची अब्रू साऱ्या किनाऱ्यासमोर गेली. त्याने वाळूवर उतरल्या उतरल्या पोराच्या डाव्या कानशिलावर अशी चपराक मारली की सत्यवान गुडघ्यावर आला.

"कळस खंय बघलंस?" रामचंद्र ओरडला होता.

"दिसूक नाय," एवढंच सत्यवान म्हणाला.

आता, जो मुलगा माडांच्या बागेतल्या अरुंद बांधावरून पाय न चुकवता चालतो, पायाशी सरकलेली कुर्ली ज्याला आधी दिसते, त्याला देवळाचा कळस दिसत नाही हे कोण मानणार? कुणी म्हणालं, चोरून दारू घेतो. कुणी म्हणालं, मुंबईला पळायचंय, होडीवर नको, म्हणून ही सोंगं. एकदोघींनी बाहेरची बाधा सांगितली, तर रामचंद्राने देवाला गाऱ्हाणंही घातलं. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी विजेरी मारून पाहिली. उजेड पडला की बाहुल्या झटकन लहान होत होत्या. "डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "मनात काही असेल तर ते काढा." रामचंद्राला आणखी काय हवं होतं? त्या दिवसापासून तो मुलाशी बोलेनासा झाला.

बाजारातून घरी आल्यावर सुभद्रेने सत्यवानाला मागल्या दारी, विहिरीपाशी गाठलं.

"खरा सांग. तुका दिसता काय नी दिसणा नाय काय?"

तो विहिरीच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "आये, तुझ्या तोंडाकडे बघलंय काय तोंडच जाता. कान दिसतत. पदर दिसता. मागचो माड दिसता. मदी कायएक नाय, धुक्यासारख्या."

"दुखता?"

"नाय. दुखला असता तर कोणी आयकला तरी असता."

"कधीपासून?"

"उजव्याचा शिमग्यापासून. दुसरो डोळो होतो, म्हणान बोलूक नाय. आता दुसरोय चललो."

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे स्वच्छ होते, पांढऱ्यात लालीसुद्धा नव्हती. पण तिच्याकडे पाहताना ते तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी स्थिरावले होते.

शेवंतीच्या सासूचा मोतीबिंदू सावंतवाडीच्या डॉक्टर नाबरांनी काढला होता. सुभद्रेने तिच्याकडून पत्ता विचारून घेतला. रामचंद्राला सांगितलं तेव्हा तो जाळं विणत होता. "जा खंय जाऊचा ता," तो मान वर न करता म्हणाला. "सोंगाक औषध नसता." घरात दुसरीही धांदल होती. धाकटी विमला अठराची झाली होती आणि देवबागच्या बाळाचं स्थळ जवळजवळ ठरल्यासारखं होतं. बाळा मुंबईला गोदीत कामाला, दिवाळीनंतर येणार होता, आला की साखरपुडा करायचा असं बोलणं झालेलं. तेव्हा जे काय पाहायचं ते आधीच पाहून घेऊ, असा हिशेब करून सुभद्रा मुलाला घेऊन पहाटेच्या एस्टीत बसली.

नाबर डॉक्टर साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. जुन्या घराच्या माजघराला काळे पडदे लावून त्यांनी तपासायची खोली केली होती. सत्यवान शाळेत चार बुकं शिकलेला. भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात वरचं, हाताएवढं अक्षर त्यांनी त्याला विचारलं. त्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि तक्त्याच्या कोपऱ्यातला खिळा सांगितला.

"सरळ माझ्या नाकाकडे बघ," डॉक्टर समोर बसून म्हणाले. "काय दिसतंय?"

"नाक नाही दिसत. तुमचे कान दिसतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात बाजूला नेऊन बोटं उभी केली, किती ते विचारलं. सत्यवानाने पटकन सांगितलं. वरून, खालून, दोन्ही अंगांनी सांगितलं. तीच बोटं मधोमध आणली की ती नाहीशी व्हायची. मग त्यांनी लाल डोक्याची एक मोठी टाचणी काढली. ती मधल्या जागेच्या अगदी काठावर धरून म्हणाले, "हिचा रंग?"

"मातीसारखा."

टाचणी कानाच्या बाजूला गेली. "आणि आता?"

"आता तांबडा."

भिंतीवर एक काळं कापड ताणलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर दोन पांढऱ्या फिती तिरक्या लावल्या, एकीवरून दुसरी जाणारी. "या दोन्ही जिथं एकमेकींना भेटत असतील तिथं बघत राहा. भेट दिसली नाही तरी तिथंच बघ," ते म्हणाले, आणि काठीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कडेपासून मध्ये आणू लागले. मणी दिसेनासा झाला की सत्यवानाने "गेलो" म्हणायचं, आणि डॉक्टर तिथं एक काळी टाचणी टोचायचे. होता होता कापडावर टाचण्यांचं एक कडं तयार झालं, कोंबडीच्या अंड्यासारखं लांबट, पण माणसाच्या तोंडाएवढं मोठं. सुभद्रा बाकावर बसून बघत होती. मुलाने विहिरीपाशी जे धुकं सांगितलं होतं ते आता तिच्यासमोर भिंतीवर टाचलेलं होतं.

डॉक्टरांनी खुर्ची दुप्पट मागे सरकवली आणि तेच सगळं पुन्हा केलं. या वेळी कडं मोठं झालं, पहिल्याच्या दुप्पट.

"बाई," ते सुभद्रेकडे वळून म्हणाले, "सोंग करणाऱ्याला हे भोक किती मोठं करायचं ते ठाऊक नसतं. माणूस लांब गेला की ते असंच मोठं व्हायला हवं. तुमचा मुलगा खरं बोलतोय."

सुभद्रेने पदर तोंडाला लावला. सत्यवान खुर्चीत ताठ बसून होता.

मग डोळ्यांत थेंब घातले, पडदे ओढले, आणि काळोखात डॉक्टर एका लहानशा दिव्याच्या यंत्रातून त्याच्या डोळ्यांत पाहू लागले. त्यांचा गाल मुलाच्या गालाला जवळजवळ टेकलेला. उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजव्यावर आले.

"बुबुळ स्वच्छ, डोळ्यातला पडदाही चांगला," पडदे उघडत ते म्हणाले. "पण डोळ्याच्या मागे एक नस असते. डोळा बघतो ते ती मेंदूकडे नेते. तिचं तोंड या यंत्रातून दिसतं. उजव्या डोळ्याची नस फिकी पडलीय. डाव्याची अजून लाल आहे, थोडी फुगल्यासारखी. म्हणजे तीही त्याच वाटेनं जातेय."

त्यांनी सत्यवानाला बरंच काही विचारलं. दारू घेतोस का, तंबाखू किती, ताप आला होता का, डोकं दुखून उलट्या होतात का. काही प्रश्न त्यांनी सुभद्रेला बाहेर बसवून विचारले. बेळगावला तपासणीसाठी धाडायला रक्त काढून घेतलं. मग मुलाला पडवीत बसवून त्यांनी तिला एकटीला आत बोलावलं.

"घरात आणखी कुणाचे डोळे असे गेले आहेत? त्याच्या वडलांकडे?"

"नाही."

"तुमच्या माहेरी?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग तिला आठवलं. "माझा भाऊ होता, लवू. पण त्याचं वेगळं. त्यानं ग्रहण बघितलं होतं."

डॉक्टरांनी मान वर केली. "तेव्हा वय काय होतं त्याचं?"

"याच्याएवढाच असेल."

"ग्रहण बघितलं आणि लगेच दिसेनासं झालं?"

सुभद्रा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. मिठबावच्या माहेरच्या घरात लहानपणापासून हेच ऐकलेलं: लवूने आईचं न ऐकता ग्रहण पाहिलं आणि डोळे जाळून घेतले. पण ग्रहण झालं तेव्हा तिचा धाकटा भाऊ पाळण्यात होता, आणि लवू नारळ ओळखू न येऊन माडावर चाचपडू लागला तेव्हा तो पोर अंगणात धावत होता. मध्ये वर्ष तरी गेलं होतं. हे तिने आजवर कधी जुळवून पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"लगेच नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"एक डोळा आधी, दुसरा मागून?"

"होय."

"दुखलं नाही?"

"नाही."

"आणखी कुणी?"

"मावशीचा मुलगा. तो गांजा ओढायचा, म्हणून गेले म्हणतात."

"मावशी म्हणजे तुमच्या आईची सख्खी बहीण?"

"सख्खी." आपला आवाज तिला लांबून कुणाचा तरी यावा तसा ऐकू आला.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. हा एक दुर्मीळ आजार आहे. तो आईच्या बाजूने उतरतो. बायकांना क्वचितच होतो, त्यांना कळतही नाही. पण त्यांच्या मुलग्यांपैकी काहींना ऐन तारुण्यात होतो. का होतो ते विलायतेतल्या डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. चष्म्याने, शस्त्रक्रियेने, औषधाने काही होत नाही. पूर्ण आंधळा तो होणार नाही, कडेचं दिसत राहील. फार थोड्यांना मधलंही थोडं परत येतं.

"म्हणजे माझ्यामुळं झालं?"

"तुमच्याकडून आलं, बाई. तुमच्यामुळं नव्हे."

त्यांनी ते मायेनं सांगितलं, पण त्यात फरक काय आहे ते सुभद्रेला कळलं नाही.

"मला एक मुलगी आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तिचे डोळे बहुधा शाबूत राहतील. तिच्या मुलांचं मात्र सांगता येत नाही. कदाचित काही होणार नाही, कदाचित होईल."

"आणि ह्याच्या?"

"ह्याच्या मुलांना भीती नाही. पुरुषाकडून पुढे जात नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला बहिणी?"

"एक आहे. पार्वती. मिठबावातच दिली. तिला दोन मुलगे."

परतीच्या एस्टीत सत्यवान खिडकीशी बसला होता. थेंबांमुळे त्याला उजेड सहन होत नव्हता, म्हणून तिने आपला पदर त्याच्या डोक्यावरून घेतला होता. कसालला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "आये, डॉक्टर तुका आत काय म्हणालो?"

"तुका सांगल्यान ताच," ती म्हणाली.

घरी तिने एवढंच सांगितलं की नस सुकली, पोर खरं बोलत होतं, आणि ह्याला उपाय नाही. रामचंद्र पडवीत बसून ऐकत होता. तो उठून सत्यवानाच्या पुढ्यात गेला, त्याच्या डोळ्यांसमोर हात धरला, काढला, पुन्हा धरला. मग तसाच बाहेर पडला तो दिवेलागणीला परत आला, आणि जेवला नाही.

महिना गेला. रक्तात काही दोष नाही असं नाबरांनी कळवलं. सत्यवानाचा डावा डोळाही उजव्यासारखाच झाला. आणि रामचंद्राने समुद्रावर जायचं सोडलं. फळी कधीच बदलून झाली होती, तरी होडी वाळूवर उलटी पडून राहिली. तो तिच्या सावलीत बसून असायचा. माणसं दुसऱ्या तांडेलाच्या होडीवर जाऊ लागली. सुभद्रा दुसऱ्यांचे मासे घेऊन बाजारात बसू लागली.

एके दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन होडीपाशी गेली. रामचंद्राने भाकरी बाजूला ठेवली.

"माका एक सांग," तो म्हणाला. "तो डावो डोळो. मी मारलंय तेच्या आधी बरो होतो मरे?"

"तेव्हाच जाऊक लागलो होतो. म्हणानच होडी लागली."

"पण होतो. मगे मी मारलंय. डाव्या बाजूक मारलंय." त्याने आपला उजवा हात पालथा करून पाहिला, उलटा करून पाहिला. "नस तुटली असतली. माझ्या हातान."

"डॉक्टर म्हणाले, मारान असा होणा नाय."

"डॉक्टर काय, बापाशीक बरा वाटूक सांगतलेच."

सुभद्रा त्याच्या शेजारी वाळूवर बसली. ह्या माणसाने जन्मात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. मुलावरचा त्याचा राग तिने पाहिला होता, तांडेलकीचा ताठा पाहिला होता. पण आपला हात असा परका असल्यासारखा मांडीवर ठेवून बसलेला तो तिला पाहवेना. त्याला सोडवणारी गोष्ट तिच्यापाशी होती. ती सांगितली की विमलाचं काय होईल हेही तिला ठाऊक होतं. बाळा चार दिवसांत मुंबईहून येणार होता. गप्प राहिली असती तर साखरपुडा झाला असता, लग्न झालं असतं, पुढचं पुढे. आणि हा माणूस मरेपर्यंत होडीच्या सावलीत बसून राहिला असता.

"तुमी मारल्यात म्हणान गेले नायत," ती म्हणाली. "ता माझ्या माहेरसून इला."

मग तिने सगळं सांगितलं. लवूचं, ग्रहणाचं, मावशीच्या मुलाचं, बायकांकडून मुलग्यांना कसं उतरतं ते. रामचंद्र समुद्राकडे बघत ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने एक लांब श्वास सोडला, ओझं उतरवताना हमाल सोडतो तसा. आणि त्याच्या मागोमाग त्याचा चेहरा आवळत गेला.

"इतके दिवस माका जळत ठेवलंस," तो म्हणाला.

"होय."

"कित्याक?"

"विमलासाठी."

तो उठला, लुंगीची वाळू झटकली. "मगे आता कोणाक सांगू नको. बाळाच्या घरच्यांका तर नायच नाय. लगीन होवने दी." एवढं बोलून तो गेला. भाकरी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने होडी पाण्यात लोटली, आणि सत्यवानाला हाक मारून बरोबर घेतलं. सुकाणूवर स्वतः बसला, मुलाला जाळं ओढायला दिलं. सुभद्रेशी तो कामापुरतं बोले. तेही तोंड दुसरीकडे करून.

नवऱ्याने गप्प राहायला सांगितलं होतं. पण ज्या मुलीच्या पोटची गोष्ट, तिलाच ठाऊक नसावी, हे सुभद्रेला गिळवेना. आपल्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं; कुणाला ठाऊकच नव्हतं म्हणून. आता ठाऊक होतं. बाळा यायच्या आदल्या दिवशी तिने विमलाला विहिरीवरून येताना थांबवलं आणि सांगितलं.

विमलाने कळशी खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "बाबांका ठाऊक आसा?"

"आसा."

"दादाक?"

"नाय."

"म्हणजे बाबांका आधी सांगलंस. माझा आसा, नी माका मागसून."

विमलाने कळशी पुन्हा कमरेवर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. संध्याकाळी ती भावाच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यालाही तिनेच सांगितलं. सत्यवान म्हणाला, "माझ्या पोरांका नाय नी तुझ्या पोरांका? ह्या कसला?" आणि त्याने तिचा हात घट्ट धरला.

बाळा आला, बरोबर त्याची आई. पोहे झाले, चहा झाला, तारखेचं बोलणं निघालं. तेव्हा विमला आतून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. रामचंद्राने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. त्याने हात वर केला, पण ती बोलू लागली होती. शांतपणे, एकेक शब्द मोजून, तिने दादाच्या डोळ्यांचं सांगितलं आणि डॉक्टरांनी आपल्याला पुढे होणाऱ्या मुलांबद्दल काय म्हटलं तेही सांगितलं.

बाळा खाली मान घालून ऐकत होता. त्याची आई म्हणाली, "चेडवा, तू सांगलंस ता बरा केलंस." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बाळाने जाताना सत्यवानाच्या खांद्यावर हात ठेवला. आठवड्याने शेवंतीकरवी निरोप आला की बाळाला इतक्यात लग्न करायचं नाही. माघात त्याचं लग्न वेंगुर्ल्याच्या मुलीशी झालं.

विमला रडली की नाही ते सुभद्रेला कळलं नाही. मुलगी घरातलं सगळं करायची, भात वाढायची, पाणी भरायची, आईला हवं-नको विचारायची. पण समोरासमोर बसायची नाही. सुभद्रेला कधीकधी वाटायचं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. बाजारात कुजबुज होतीच. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली की मिठबावची मुलगी करताना विचारायला हवं होतं. सुभद्रेने तिला मासे तोलून दिले.

फाल्गुनात सत्यवानाला घेऊन ती पुन्हा सावंतवाडीला गेली. नाबरांनी यंत्रातून पाहिलं आणि मान हलवली. आता दोन्ही नसा सारख्याच फिकट झाल्या होत्या. त्यांनी बराच वेळ बसून सत्यवानाला कडेच्या नजरेनं कसं बघायचं ते शिकवलं. कोणत्या बाजूला मान वळवली की चेहरा अधिक दिसतो, ते त्याच्याकडूनच शोधून घेतलं. निघताना सुभद्रेला त्यांनी विचारलं, "बहिणीला सांगितलंत?"

तिने सांगितलं नव्हतं. विमलाचं जे झालं ते पाहून तिची छाती झाली नव्हती. पार्वतीचा थोरला सतराचा, धाकटा चौदाचा. सांगून काय होणार? औषध नाही, पथ्य नाही. उगाच रोज पोरांचे डोळे बघत बसायचं. पण न सांगावं तर उद्या त्या पोरालाही कुणी सोंगाडी म्हणेल, कुणी कानशिलात मारील.

घरी आल्यावर तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिठबावला जायला निघाली तेव्हा विमला लुगडं बदलून दारात उभी होती.

"मीय येतंय," ती म्हणाली.

"कित्याक?"

"तुका सांगूक जमाचा नाय. तू रडतलंस, नी मावशी घाबारतली."

वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. पार्वतीने त्यांना पाहून आनंदाने पाट मांडले. तिचा थोरला सत्यवानासारखाच उंच झाला होता. तो मागल्या अंगणात आंब्याच्या पेट्यांना फळ्या ठोकत होता. हातोडी नेमकी खिळ्यावर पडत होती. सुभद्रा ते बघत उभी राहिली, मग तिने नजर काढून घेतली.

विमलाने मावशीला माजघरात नेलं आणि सांगितलं. लवूमामापासून सुरुवात केली. पार्वती मध्येच उठली, चुलीतली लाकडं मागे ओढली, परत येऊन बसली. शेवटपर्यंत ऐकून ती बहिणीकडे वळली.

"ह्या माका कित्याक सांगलंस?" ती म्हणाली. "आता मी तेंच्याकडे कशी बघू?"

विमलाच बोलली. "मावशी, दादाक कितीतरी दिवस सगळ्यांनी खोटो म्हटला. बाबांनी मारल्यानी. तुझ्या पोराक तसा झाला, तर निदान तू तेका खोटो म्हणाची नाय."

पार्वती गुडघ्यांत डोकं घालून बसली. बाहेर ठोकण्याचा आवाज चालूच होता. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं, उठली, आणि नेहमीच्या आवाजात मुलांना जेवायला हाक मारली. चार पानं वाढली. थोरल्याने येऊन मावशीच्या पाया पडून विचारलं, "सत्यवानदादा कसो आसा?"

"बरो आसा," सुभद्रा म्हणाली. "जाळ्यावर जाता बाबांवांगडा."

मुलं जेवत होती. पार्वती वाढताना प्रत्येक वेळी थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि त्याने वर पाहिलं की नजर वळवत होती. विमला आईच्या समोर बसली होती. तिने आपल्या पानातली बांगड्याची मधली तुकडी उचलून न बोलता आईच्या पानात ठेवली, आणि मान खाली घालून भात कालवू लागली.